तुम्ही वाढवलेला रकाना

प्रिय बाबा,

काल दुपारी शिक्षण कार्यालयातल्या अधीक्षक बाईंचा फोन आला. तुमचा कागद त्यांनी दाखल करून घेतला आहे. सोमवारी सकाळी अकरा वाजता शाळेनं शिस्तीचं मूळ रजिस्टर आणि शाळा सोडण्यासाठी आलेले पालकांचे सगळे अर्ज घेऊन हजर राहायचं आहे. तसं पत्र शाळेला मिळाल्याची पोच बाईंच्या टेबलावर आहे. "मी स्वतः पाहिली," असं त्या दोनदा म्हणाल्या, कारण मी दोनदा विचारलं. पेपरातल्या नोकरीनं लावलेली सवय.

म्हणून हे पत्र. तुम्ही असताना मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. विद्यानगरच्या दोन खोल्यांत कोण कुणाला पत्र लिहिणार? तुम्हाला जाऊन तीन महिने झाले आणि आता सोमवारच्या आधी एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे. परवानगी मागत नाही. सांगते आहे.

आधी पद्माचं सांगते. मलकपेठच्या रेसकोर्सवर घोडे सांभाळणाऱ्या यादगिरीची मुलगी. दहावीत होती. जुलैत शाळेनं तिला पंधरा दिवस घरी बसवलं आणि सोळाव्या दिवशी तिच्या बापाच्या अर्जावरून तिचं नाव कमी केलं. बोर्डाच्या परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत येत्या बुधवारी संपते. शाळेचा शिक्का नसला तर वर्ष गेलं. वर्ष गेलं तर तिला गावी मामाकडे पाठवायचं ठरलं आहे, आणि त्या गावात शाळा सातवीपर्यंतच आहे. तुम्हाला हे सगळं माहीत होतं. तो अर्ज तुमच्याच अक्षरात आहे.

काय सुंदर अक्षर हो तुमचं! सुलतान बाजारच्या त्या गल्लीत शाळा मराठी माध्यमाची होती तेव्हा फळ्यावरचा सुविचार तुम्हीच लिहायचात. पुढे शाळा इंग्रजी झाली, फळ्यावर "थॉट फॉर द डे" आला, तोही तुमच्याच हातचा. इतर कारकून "साहेब" होते, "पंत" होते. तुम्ही शेवटपर्यंत नुसते "वाघमारे". हेडक्लार्क झालात तरी वाघमारे. "वाघमारे, जरा इकडे." तुम्ही जायचात.

संगणक आला तो दिवस आठवतो का? सगळीकडे तेच वारं होतं. ज्याला त्याला मुलगा अमेरिकेत हवा होता, आणि गल्लीच्या तोंडाशी संगणकाची पाटी नसेल तर पालक पुढच्या शाळेत जात होते. शाळा समितीच्या अध्यक्षांनी नारळ फोडला. मॅडमनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, संगणकाच्या पडद्यालाच हळदकुंकू लावलं आणि मग ते पुसायचं कुणी यावर चर्चा झाली. त्यानंतर त्या यंत्रावर मखमली झूल आणि खोलीला कुलूप! मुलांनी खिडकीतून बघायचं. वर्षभर हैदराबादच्या सर्वांत आधुनिक शाळेतला संगणक एखाद्या आजारी जमीनदारासारखा थंड खोलीत झाकून पडला होता.

मग समितीला पालकांसमोर मिरवायला काहीतरी हवं झालं. "सगळी रजिस्टरं आत टाका," असं अध्यक्षांनी फर्मावलं. आत कशी टाकायची हे त्यांना ठाऊक नव्हतं, मॅडमना तर नव्हतंच. तुम्ही पन्नाशी उलटल्यावर विद्यानगरच्या क्लासात कॉलेजच्या पोरांशेजारी बसून शिकलात. आई म्हणायची, "ह्यांना टायपिंग येतं, पण तो उंदीर धरवत नाही." धरवला तुम्हाला. चार महिन्यांत हजेरी, दाखले आणि शिस्तीचं रजिस्टर, सगळं आत गेलं. गैरवर्तन काय, शिक्षा काय, मूल कोणत्या इयत्तेतलं, राहतं कुठं. एका माणसानं, शाळा सुटल्यावर, पंखा बंद असताना. एसी फक्त पाहुण्यांसाठी होता.

एक रकाना मात्र तुम्ही स्वतःहून वाढवलात. "मुलाला विचारलं का?"

तो तुम्ही मला दाखवलात त्या दिवसाबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. तुम्ही डब्याची पिशवी घेऊन माझ्या पेपरच्या ऑफिसात आलात. दोन्ही कडांना भोकं असलेला तो लांबलचक कागद माझ्या टेबलावर उलगडलात, तो पलीकडच्या खुर्चीपर्यंत गेला.

"सहाला पानं छपाईला सुटतात बाबा," मी म्हटलं. "आज शाळांची पुरवणी आहे."

"मग बरोबर दिवशी आलो की!"

मी मुद्रितं तपासत होते आणि तुम्ही सांगत होतात. मला वाटलं होतं की मी ऐकत नाही. पण तुमचा शब्द न् शब्द कानात राहिला आहे.

तुम्ही म्हणालात, आधी मी गैरवर्तनाप्रमाणे ओळी लावल्या. उशीर एकत्र, भिंतीवर लिहिणं एकत्र, काचा एकत्र. कारण नुसतं कुणाला किती शिक्षा झाल्या हे मोजून न्याय कळत नाही. एखाद्या वस्तीतली मुलं खरंच जास्त उशिरा येत असतील. मग समान चूक घेतली आणि राहण्याचं ठिकाण पुढे ओढलं. "आता बघ," तुम्ही म्हणालात.

बंगल्यांच्या कॉलनीतला मुलगा उशिरा आला: "समज दिली." रेसकोर्सच्या चाळीतली मुलगी उशिरा आली: "तीन दिवस बंद." पुन्हा तेच, पुन्हा तेच. पान उलटलं तरी तेच. एका चेंडूनं प्रयोगशाळेची एक काच फुटली होती. चेंडू टाकणारा आणि मारणारा दोघेही नववी ब मधले. बिल्डरच्या मुलापुढे मॅडमनी लिहिलं होतं, "खेळकर वृत्ती." दुसऱ्यापुढे, "विध्वंसक वृत्ती, पंधरा दिवस." एकाच चेंडूच्या दोन वृत्ती! मॅडम शास्त्र शिकवतात, हे त्यांच्या विद्यार्थ्यांच्या काळजीनं सांगून ठेवते.

आणि तुमचा तो रकाना. कॉलनीच्या ओळींमध्ये "हो, हो, पालकांसमक्ष हो." चाळीच्या ओळींमध्ये कोरा. वरपासून खालपर्यंत कोरा.

"पुढचं ऐक," तुम्ही म्हणालात. "शाळेनं घरी बसवलेले दिवस गैरहजेरीत धरतात. मग हजेरी कमी पडते. मग 'परीक्षेला बसता येणार नाही' म्हणून पालकाला बोलावतात. मग अर्ज."

ही युक्ती कुणाला सुचली असेल? फाटक बंद करायचं आणि आत आला नाहीस म्हणून शिक्षा करायची! यासाठी शिक्षणशास्त्राची पदवी लागते. साध्या मवाल्याला हे जमणार नाही. आणि काढून टाकलेल्यांच्या रकान्यात? एकही नाव नाही. त्या शाळेनं स्थापनेपासून एकाही मुलाला काढलेलं नाही. मुलं आपापल्या पालकांच्या इच्छेनं निघून गेली. नेमकी नववीच्या शेवटी आणि दहावीच्या सुरुवातीला, नेमकी गणितात कच्ची असलेली, नेमकी चाळीतली. कॉलनीतल्या कच्च्या मुलांना जादा तास होते. मग जूनमध्ये साड्यांच्या दुकानापासून समोरच्या पुस्तकांच्या दुकानापर्यंत गल्लीवर फलक लागायचा: शंभर टक्के निकाल! कुणाचा? जे उरले त्यांचा.

तुम्ही बोलायचं थांबलात आणि मी विचारलं, "बाबा, पण ह्यात बातमी कुठे आहे?"

तुम्ही कागद घडीवर घडी घालून पिशवीत ठेवलात. "नाही का?" एवढंच म्हणालात. त्या संध्याकाळी सुटलेल्या पुरवणीत तुमच्या शाळेची अर्धं पान जाहिरात होती. मुद्रित मीच तपासलं होतं. "शंभर" मधला अनुस्वार राहिला होता, तो मी घातला. बाकी काही दुरुस्त करायचं मला सुचलं नाही.

तेव्हा शाळेबद्दल माझ्या मनात जी तुच्छता आहे, तिचा एक वाटा मी माझ्याकडे ठेवला आहे. आणि बाबा, एक तुमच्याकडेही येतो. सगळं कळत होतं तर ते अर्ज तुम्ही का लिहीत राहिलात? मी एकदा विचारलं होतं. "मी नाही लिहिला तर दुसरा कुणी लिहील, आणि त्याचं अक्षर वाईट असेल." मी हसले होते. तो विनोद होता, उत्तर नव्हतं. उत्तर मला ठाऊक आहे. माझं कॉलेज, आईचं ऑपरेशन, तुमची पेन्शन. पण ठाऊक असणं आणि पटणं एक नव्हे. ज्या पोरांना तुम्ही शाईनं बाहेर काढलंत, त्यांत आपल्या नातलगांसारखे दिसणारे, आपल्यासारखंच गाव सोडून आलेले किती असतील? तुम्ही त्यांच्या बापांना बसायला खुर्ची देत होतात म्हणे. बसवून अंगठा घेत होतात.

यादगिरी सप्टेंबरमध्ये घरी आला. तुम्ही गेल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. चपला बाहेर काढून उभा राहिला.

"वाघमारे साब हैं क्या, अम्मा? दो महिने में आओ बोले थे. कुछ करता मैं, बोलके."

आईनं भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. त्यानं फोटोवरचा हार पाहिला. मग खालीच बसला. "अय्यो. मेरे कागज का क्या होता अब?"

मी विचारलं कुठला कागद. "पद्मा का. साब अंगूठा लगाओ बोले, लगाया. मॅडम सामनेच बैठे थे. इस्कूल छुडाने का है, नै मालूम मेरेकू. माफी का कागज समझा मैं."

"अंगठा का? सही येत नाही तुम्हाला?"

"आती ना अम्मा! तेलुगू में आती. पगार वां सही करकेच लेतूं. कौन पूछा?"

बघा बाबा. तुमचा रकाना बापांनाही लावायला हवा होता.

"काही करतो" असं तुम्ही त्याला म्हणाला होतात. काय करणार होतात? मी त्या दिवशी तुमची डब्याची पिशवी पहिल्यांदा उघडली. तोच कागद, त्याला जुलैपर्यंतची पानं नवी जोडलेली. शेवटची ओळ पद्माची. गैरवर्तन: "तीन वेळा उशीर, उद्धट उत्तर." तिनं काय उत्तर दिलं होतं माहीत आहे? मॅडमनी विचारलं उशीर का झाला. ती म्हणाली, बस थांबत नाही. एवढंच! आमच्या संपादकांना मी रोज याहून उद्धट उत्तरं देते आणि मला बढती मिळाली.

आणि प्रत्येक पानाच्या तळाशी मॅडमची सही, शाळेचा गोल शिक्का आणि वर एक शब्द: "पाहिले."

मी आधी चक्रावले, मग मोठ्यानं हसले. आई स्वयंपाकघरातून धावत आली. कारण मॅडम सह्या कशा करतात हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. तुम्ही रोज तीन वाजता गठ्ठा घेऊन जायचात, त्या फोनवर बोलत बोलत खालचा कोपरा उचलायच्या, "पाहिले" लिहायच्या आणि पुढचा कोपरा उचलायच्या. कोपऱ्याच्या वर काय आहे हे बघणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. वाघमारेनं आणलेल्या कागदात असून असून काय असणार? तुम्ही हा कागद पानापानानं त्या गठ्ठ्यात घालत राहिलात. स्वतःच्या शाळेचा सगळा अन्याय चाळीचाळीनं, नावानिशी मांडलेला, आणि त्यावर मुख्याध्यापिकेची सही! त्यांना फक्त एकदा मान वर करायची होती.

मी तक्रार केली. पेपरात छापण्याआधी कार्यालयात दिली, कारण बातमी दुसऱ्या दिवशी भजी बांधायला जाते आणि पद्माला शिक्का हवा आहे.

पंधरा दिवसांपूर्वी अध्यक्ष आणि मॅडम घरी आले. तेवीस वर्षांत तुमच्याकडे शाळेतून कुणी आलं नव्हतं, तुमच्या अंत्ययात्रेलाही शिपाईच तेवढे आले. मॅडम तुमच्या खुर्चीवर बसल्या. आईनं चहा आणि उस्मानिया बिस्किटं ठेवली. अध्यक्षांना ॲसिडिटी होती. मॅडमना उपास होता.

"वाघमारे म्हणजे शाळेचा कणा," अध्यक्ष म्हणाले. "आम्ही ठरवलंय, यंदापासून त्यांच्या नावानं एक ढाल द्यायची. वर्षातल्या सर्वांत शिस्तप्रिय विद्यार्थ्याला."

"शिस्तीची?" मी विचारलं.

"त्यांचा विषयच तो!"

मग घसा खाकरून ते मुद्द्यावर आले. काही अर्ज वाघमारेंनी परस्पर तयार केले असावेत असं आता लक्षात येतंय. अक्षर त्यांचंच आहे. शाळेला कल्पना नव्हती. पण गेलेल्या माणसाला दोष द्यायची आमची संस्कृती नाही. प्रकरण वाढलं तर मात्र नाइलाज होईल.

"मॅडम, तुम्ही समोर बसला होतात," मी म्हटलं.

"किती पालक येतात! मी कुणाकुणाकडे बघणार?"

"हे खरं आहे," मी म्हटलं. "तुम्ही बघत नाही."

त्यांना ते लागलं नाही. त्यांना काही लागत नाही, हीच त्यांच्या तब्येतीची गुरुकिल्ली आहे. मग आई उठली. ती म्हणाली, "दोष देऊ नका म्हणता ना, मग देऊ नका. चहा गार झाला, परत करते." तिनं दोन्ही कप उचलून मोरीत ओतले आणि परत काही केला नाही.

ते गेल्यावर ती माझ्यावर उलटली. "सुजाता, माणूस गेला. आता त्याच्या अक्षराची चौकशी कशाला लावतेस? उद्या सगळे म्हणतील, वाघमारेनं गरिबांच्या पोरांना काढलं. ते दोघे सुटतील आणि ह्यांचं नाव राहील." तिचं चुकलं का? नाही. अगदी असंच होऊ शकतं. असल्या माणसांचे हात कायम स्वच्छ असतात, कारण त्यांचं लिहिणंसुद्धा दुसरे करतात.

म्हणून हे पत्र, बाबा. सोमवारी ते अर्ज टेबलावर मांडले जातील आणि अधीक्षक बाई विचारतील, हे अक्षर कुणाचं? मला "नक्की सांगता येत नाही" असं म्हणता येईल. तसं म्हटलं तर तुमचं नाव वाचेल. पण मग तुमच्या कागदावरच्या ओळीही कुणाच्या हे सांगता येणार नाही, आणि पद्माची ओळ त्यातच आहे. अर्ज लिहिणारा हात आणि तो रकाना वाढवणारा हात एकच होता हे सांगितल्याशिवाय त्या कागदाला कोण विचारतो?

काल फोननंतर आईनं पेटी उघडली. तळातून रेशनकार्डाचा जुना फॉर्म काढला, तुम्ही भरलेला. माझ्यापुढे ठेवला. "अक्षर जुळवायला लागेल ना?" म्हणाली आणि भाजी चिरायला बसली. सोमवारी ती येणार नाही म्हणते. बघू.

आज सकाळी मी मलकपेठला जाऊन आले. यादगिरीनं सोमवारची रजा काढली आहे, घोडा दुसऱ्याकडे सोपवला आहे. जुन्या वहीच्या मागच्या पानावर तो तेलुगूत सही घोटत होता, येत असूनही. पद्मा दारात उभी होती. उंच झाली आहे.

"अक्का, सोमवार को इस्कूल का डिरेस पेनूं क्या? नाव तो काट दिये ना मेरा."

"घाल," मी म्हटलं. "इस्तरी करून घाल."

"वां मेरेकू कुछ पूछते क्या?"

तेव्हा हे वचन, बाबा. अक्षर तुमचंच आहे असं मी सांगेन, सगळ्या अर्जांचं, एकही न वगळता. तुम्हाला संत करणार नाही आणि ढाल तर अजिबात घेणार नाही. पण त्याआधी, अगदी पहिल्यांदा, अधीक्षक बाईंना सांगेन की कुणी काही बोलण्यापूर्वी पद्माला विचारा, त्या दिवशी उशीर का झाला. ती बोलेल तेव्हा तुमच्या कागदाची माझी प्रत माझ्यापुढे उघडी असेल. तिच्या ओळीतला तो कोरा चौकोन मी पेनानं भरेन. माझं अक्षर तुमच्याइतकं चांगलं नाही, चालवून घ्या.

बाईंचं म्हणणं, निर्णय मंगळवारी संध्याकाळपर्यंत येईल. फॉर्मची खिडकी बुधवारी दहाला उघडते. आम्ही तिघं साडेनऊला रांगेत असू.

तुमची,
सुजाता